४.७ कोटी डॉलरचं ओझं कुणाचं?

७ फेब्रुवारी २०२३च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये लेब्रॉन जेम्सनं करीम अब्दुल-जब्बारचा एनबीए बास्केटबॉलमधला ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. त्या सामन्यात लेकर्सकडून रसेल वेस्टब्रुकही खेळला. लेकर्ससाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. लगेचच तीन संघांच्या सौद्यात त्याला युटा जॅझकडे धाडण्यात आलं. सोबत लेकर्सची २०२७ सालची पहिल्या फेरीची ड्राफ्टमधली निवडही गेली. ती पहिल्या चारांत आली तर लेकर्सकडेच राहील, एवढी अट होती. बदल्यात डीअँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आले. वेस्टब्रुक तेव्हा ३४ वर्षांचा होता, २०१७चा एमव्हीपी होता, त्या मोसमाचा त्याचा पगार ४.७ कोटी डॉलर होता, आणि तो बेंचवरून खेळत होता.

या सौद्यावर माझं आणि मामाचं अजून पटलेलं नाही. मामा रेल्वेच्या संघातून बास्केटबॉल खेळला, खेळाडू कोट्यातून नोकरीला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मी चार्टर्ड अकाउंटंट. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळे आमचे बरेचसे वाद पोह्यांच्या वेळेला होतात. हा त्यातला सगळ्यांत लांबलेला. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटतं ते इथे मांडते आहे.

मी: मामा, आधी नुसता हिशेब बघ. २०२२–२३मध्ये एका संघाची पगारमर्यादा होती सुमारे १२.३७ कोटी डॉलर. लेब्रॉनचे ४.४५, अँथनी डेव्हिसचे ३.८, वेस्टब्रुकचे ४.७. तिघांचेच झाले १२.९५ कोटी. पंधरा जणांचा संघ, आणि तिघांतच मर्यादा संपून वर गेली. मर्यादा ओलांडता येते, पण ओलांडल्यावर बाहेरून माणूस घ्यायचा तर किमान पगार आणि एखाददुसरी सवलत एवढंच हातात उरतं. अशा वेळी तिघांतला एक जण पगाराच्या निम्म्याइतकंही देत नसेल, तर बाकीचे बारा जण कितीही झटले तरी भरून निघत नाही. त्याला काढणं भागच होतं.

मामा: काढणं भाग होतं, ठीक. पण तू सुरुवात शेवटापासून करतेस. हा पगार लिहून कुणी दिला?

मी: ओक्लाहोमानं. सप्टेंबर २०१७मध्ये.

मामा: का दिला? जुलै २०१६मध्ये केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेटला गेला. गाव लहान, संघ नवा, २००८ साली सिअ‍ॅटलहून उचलून आणलेला. लोकांना वाटलं आता हाही जाणार. हा राहिला. पुढच्या मोसमात त्यानं सामन्यामागे ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट केले. ४२ ट्रिपल-डबल, म्हणजे एकाच सामन्यात तिन्ही आकडे दोन अंकी! ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१–६२चा ४१चा विक्रम पंचावन्न वर्षं उभा होता, तो याच्यापुढे पडला. मग ओक्लाहोमानं पाच वर्षांचा करार दिला. त्यांना काय मिळत होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी: मिळून झालं होतं, मामा. करार पुढच्या पाच वर्षांचा असतो.

मामा: इथेच तुम्ही हिशेबवाले चुकता. या लीगमध्ये खेळाडूला पगाराची वरची हद्द आहे. ड्राफ्टमधून आलेल्या पोराला पहिली चार वर्षं ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पैसे. मग पगारमर्यादेच्या पंचवीस टक्के, मग तीस, मग पस्तीस. मुख्यतः नोकरीच्या वर्षांवर. पोरगं तेविसाव्या वर्षी लीगमधलं सर्वोत्तम असलं तरी त्याला पस्तीस टक्के मिळत नाहीत. म्हणजे तरुणपणी तो जे देतो त्याचे पूर्ण पैसे त्याला देताच येत नाहीत, नियमच तसा आहे. ते मिळतात मागाहून, गुडघे कुरकुरायला लागल्यावर. तू ज्याला जादा पगार म्हणतेस त्यात थकबाकी किती आहे, ते कधी मोजलंस का?

मामाचा हा मुद्दा मला पटतो, आणि आकडे त्याच्याच बाजूनं बोलतात. वेस्टब्रुकचा करार २०१८–१९मध्ये मर्यादेच्या ३५ टक्क्यांवर सुरू झाला, ३.५७ कोटींवर. दर वर्षी पहिल्या पगाराच्या ८ टक्के वाढ. वय वाढत गेलं तसा पगार वाढत गेला आणि सर्वांत मोठा आकडा सर्वांत शेवटच्या वर्षाला आला. करार तसाच लिहिलेला होता. खेळ उतरत जाणार हे दोन्ही बाजूंना सही करताना माहीत होतं. फक्त थकबाकीचा हा युक्तिवाद ओक्लाहोमाला लागू पडतो. लेकर्सचं वेस्टब्रुकला काहीही देणं नव्हतं.

मी: तुझं सगळं मान्य केलं तरी थकबाकी ओक्लाहोमाची. ती त्यांनी २०१९मध्येच ह्यूस्टनच्या गळ्यात बांधली आणि वर पहिल्या फेरीच्या दोन निवडीही घेतल्या.

मामा: आणि बदल्यात ख्रिस पॉलही घेतला. त्याचा करार तर याच्याहून वाईट समजला जायचा. चार वर्षांचे १६ कोटी, वय चौतीस. सगळे म्हणाले, याला आता कोण घेणार? त्या म्हाताऱ्यानं ओक्लाहोमाला प्लेऑफमध्ये नेलं, स्वतः ऑल-स्टार झाला, आणि पुढच्या वर्षी फिनिक्सला थेट अंतिम फेरीत घेऊन गेला. वाईट करार म्हणजे काय, हे आधी ठरव. पगार तोच, माणूस तोच. एका मैदानावर तो ओझं होता, दुसऱ्यावर त्यानं संघ उभा केला.

मी: पण वेस्टब्रुकचं तसं झालं नाही. ह्यूस्टननं एका मोसमानंतर त्याला वॉशिंग्टनला दिला, जॉन वॉलच्या बदल्यात. तो तर डिसेंबर २०१८पासून खेळलाच नव्हता.

मामा: वॉशिंग्टनमध्ये त्यानं पुन्हा वर्षभराची सरासरी ट्रिपल-डबल राखली. मे २०२१मध्ये रॉबर्टसनचा १८१ ट्रिपल-डबलचा कारकिर्दीचा विक्रमही मोडला. त्याला चेंडू दिला तर तो खेळतो गं. चेंडू काढून घेतला तर काय करणार?

मी: बरं, हे मला समजावून सांग. चेंडूशिवाय तो एवढा निकामी का व्हायचा? आकड्यांत तर ठीक दिसतो. २०२१–२२मध्ये लेकर्सकडून १८.५ गुण, सातच्या वर रिबाउंड, सातच्या वर असिस्ट.

मामा: हे आकड्यांत दिसणारच नाही, मैदानावर बघायला लागतं. लेब्रॉनचा खेळ काय? चेंडू हातात घेऊन रिंगकडे मुसंडी. त्याला वाट पाहिजे. वाट कधी मिळते? बाकीचे चौघं तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे आहेत, आणि त्यांना मोकळं सोडलं तर ते मारतील ही धास्ती प्रतिस्पर्ध्याला आहे, तेव्हा. आता कोपऱ्यात वेस्टब्रुक उभा आहे असं समज. तो लांबून तीसातले नऊच घालतो. त्याच्यावरचा बचावपटू काय करील? सरळ त्याला सोडून देईल आणि रिंगखाली जाऊन उभा राहील. लेब्रॉननं मुसंडी मारली की समोर एक माणूस जास्त. डेव्हिसला आत चेंडू दिला की त्याच्याही अंगावर तोच जास्तीचा माणूस. म्हणजे वेस्टब्रुकनं चेंडूला हातसुद्धा लावला नाही, तरी दोघांचा खेळ आखडला. मग तू म्हणशील, चेंडू वेस्टब्रुकलाच द्यावा. दिला. आता कोपऱ्यात लेब्रॉन उभा. जगातला सर्वांत मोठा खेळाडू कोपऱ्यात उभा करायचा? हे जुळणारं नव्हतंच. ज्यानं कुणी दहा वर्षं हा खेळ खेळलाय त्याला ऑगस्ट २०२१मध्येच हे दिसलं असतं.

मी: आणि त्यासाठी दिले कुणाला? काइल कुझमा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरल, वर त्या वर्षीची बाविसावी निवड.

मामा: कुझमा आणि कॉल्डवेल-पोप दोघंही २०२०च्या विजेत्या संघातले. कॉल्डवेल-पोप तर नेमकं तेच करायचा जे लेब्रॉनला लागतं. कोपऱ्यात उभा राहून तीन गुण, आणि समोरच्या चांगल्या गार्डला रोखणं. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स कारुसोलाही जाऊ दिलं. चुकीचं पाऊल पडलं ते तिथे, वेस्टब्रुकनं काय केलं त्यात? त्यानं तर ७८ सामने खेळले. डेव्हिस ४० आणि लेब्रॉन ५६. तिघं मिळून मैदानात उतरले ते मोजून २१ सामने. ३३ जिंकले, ४९ हरले, प्ले-इनपर्यंतही पोचले नाहीत. प्रशिक्षक फ्रँक व्होगलची नोकरी गेली. आणि शिव्या कुणी खाल्ल्या?

या शिव्यांबद्दल मला थांबून लिहायचं आहे. लेकर्सच्या घरच्याच मैदानावर प्रेक्षक वेस्टब्रुकच्या आडनावाची मोडतोड करून त्याला चिडवत होते. मार्च २०२२मध्ये त्याच्या पत्नीनं उघडपणे सांगितलं की तिच्या कुटुंबाला रोज घाणेरडे निरोप येतात, मरणाच्या इच्छा व्यक्त केल्या जातात. त्यानंतर पत्रकारांसमोर वेस्टब्रुक बोलला. त्याचा लहान मुलगा शाळेत आपलं आडनाव लिहायला शिकला होता आणि ते सगळीकडे लिहीत होता, हे शिक्षिकेनं त्याला कौतुकानं सांगितलं होतं. त्यानंतर त्याला ते नाव ऐकून न ऐकल्यासारखं करणं जमेना. घरच्यांना सामन्याला आणायचंही नकोसं झालं. पगार मोठा आहे म्हणून माणसानं हेही सोसावं, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला ते तेव्हाही क्रूर वाटलं आणि आजही वाटतं. ४.७ कोटी हा खेळाचा मोबदला होता. मुलाच्या नावाची विटंबना त्यात कुठे लिहिलेली नव्हती.

मी: मामा, माणसाबद्दल माझं तुझ्याशी दुमत नाही. पण उलट मला तर वाटतं, त्याच्याच भल्यासाठी सौदा लवकर व्हायला हवा होता. २०२२च्या उन्हाळ्यात इंडियानाशी बोलणी चालल्याच्या बातम्या होत्या. माइल्स टर्नर आणि बडी हील्ड यायचे, आणि लेकर्सनी २०२७ आणि २०२९च्या पहिल्या फेरीच्या दोन्ही निवडी द्यायच्या. द्यायला हव्या होत्या. लेब्रॉन सदतीस वर्षांचा. २०२९मध्ये तो असणार आहे का? त्याच्या उरलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत कुठल्याही ड्राफ्टच्या निवडीहून जास्त आहे. ४.७ कोटी तर गेलेच होते. गेलेल्या पैशाकडे बघत पुढचं वर्षही घालवायचं, हा कुठला शहाणपणा?

मामा: २०२७ आणि २०२९च का? मधली २०२८ का नाही?

मी: सलग दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देता येत नाहीत. टेड स्टेपियनचा नियम.

मामा: तो नियम का आला? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा स्टेपियन क्लीव्हलँडचा मालक झाला, आणि आजचं भागवायला त्यानं पुढच्या वर्षांच्या निवडी एकामागून एक वाटून टाकल्या. शेवटी मालकापासून संघ वाचवायला लीगला नियम करावा लागला. लेकर्सनी डेव्हिसला आणताना २०१९मध्ये बरंच काही देऊन टाकलंच होतं. पुढची मोकळी अशी ही दोनच वर्षं उरली होती. दोन्ही ओतायची? एका चुकीच्या खरेदीतून सुटण्यासाठी?

मी: सुटण्यासाठी नव्हे, जिंकण्यासाठी.

मामा: अगं, लेकर्सनी हे आधी करून पाहिलेलं आहे. मॉझगोव्ह आठवतो?

इथे मामानं जे सांगितलं ते मी नंतर सवडीनं लावून पाहिलं, आणि लेकर्सच्या त्या दशकाचं इतकं स्पष्ट चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. २०१६मध्ये टीव्हीच्या नव्या कराराचा पैसा लीगमध्ये आला आणि पगारमर्यादा एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४ कोटींवर गेली. प्रत्येक संघाकडे अचानक खर्चायला पैसे, आणि त्या तोलाचे खेळाडू थोडे. लेकर्सनी टिमोफी मॉझगोव्हला चार वर्षांचे ६.४ कोटी दिले, लुओल डेंगला चार वर्षांचे ७.२ कोटी. वर्षभरात दोन्ही करार गळ्याशी आले. जून २०१७मध्ये मॉझगोव्हला ब्रुकलिनकडे ढकललं. ब्रुकलिननं तो फुकट कशाला घ्यावा? म्हणून सोबत दिला डीअँजेलो रसेल, २०१५च्या ड्राफ्टमधली लेकर्सची दुसऱ्या क्रमांकाची निवड, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. दोन वर्षांत तो ब्रुकलिनमध्ये ऑल-स्टार झाला. लेकर्सना मिळाले ब्रुक लोपेझ आणि सत्ताविसावी निवड. लोपेझ वर्षभरानं मोकळा होऊन मिल्वॉकीला गेला आणि २०२१मध्ये तिथे विजेता ठरला. सत्ताविसाव्या निवडीतून आला काइल कुझमा. २०२१मध्ये हाच कुझमा वेस्टब्रुकच्या बदल्यात गेला. आणि २०२३मध्ये वेस्टब्रुकला घालवल्यावर परत कोण आलं? डीअँजेलो रसेल. एका नको असलेल्या कराराबरोबर दिलेला मुलगा सहा वर्षांनी, दुसऱ्या नको असलेल्या कराराच्या बदल्यात, भविष्यातली एक निवड मोजून परत आणला.

डेंगची कथा थोडक्यात. त्याला घेणारा कुणी भेटला नाही. २०१८च्या सप्टेंबरमध्ये लेकर्सनी त्याला सोडलं आणि उरलेली रक्कम नियमाप्रमाणे ताणून पुढच्या वर्षांवर पसरली. २०२१–२२मध्ये, वेस्टब्रुक लेकर्सकडे आला त्या मोसमात, डेंगचे ५० लाख डॉलर अजून त्यांच्या हिशेबात बसलेले होते.

मी: मामा, पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि तू ती गाळतोस. मॉझगोव्ह गेला म्हणून जागा झाली. जागा झाली म्हणून जुलै २०१८मध्ये लेब्रॉन आला. लेब्रॉन होता म्हणून डेव्हिस आला आणि २०२०चं विजेतेपद आलं. रसेल देऊन लेब्रॉन मिळत असेल तर मी दर वेळी देईन.

मामा: लेब्रॉन दर वेळी येत नाही.

मी: नाही येत. पण सौदा चांगला की वाईट हे त्या जागेचं तुम्ही पुढे काय करता त्यावर ठरतं. २०१७ची जागा लेब्रॉनसाठी होती, म्हणून ती महाग नव्हती.

मामा: बरं, हे धरून चालू. मग २०२३पर्यंत थांबले ते योग्यच झालं. उन्हाळ्यात दोन निवडी मागत होते, फेब्रुवारीत एकीत भागलं. कारण दरम्यान कराराची मुदत संपत आली. जॅझचं बघ. त्यांनी उन्हाळ्यातच रुडी गोबेअर आणि डॉनोव्हन मिचेलला विकून सगळं नव्यानं मांडायला घेतलं होतं. त्यांना वेस्टब्रुक खेळायला नकोच होता. त्यांना हवा होता जूनमध्ये आपोआप संपणारा पगार आणि वर लेकर्सची निवड. ज्या कराराखाली लेकर्स दबले होते, तोच जॅझला सोयीचा होता. मुदत संपणं हाच त्याचा गुण झाला.

मी: हे अगदी खरं. आणि इथे आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा घसरतात. बरेच जण म्हणत होते, सौदा कशाला, जूनपर्यंत कळ काढा, ४.७ कोटी आपोआप सुटतील. पण सुटून लेकर्सच्या हातात तेवढी जागा येणार नव्हती. लेब्रॉन आणि डेव्हिसचेच पगार मर्यादेचा मोठा भाग खात होते. याउलट करार जिवंत असताना तो चलन म्हणून चालतो. तेव्हाच्या नियमानं, मर्यादेच्या फार वर गेल्याबद्दल लीगला कर भरणाऱ्या संघाला पाठवलेल्या पगाराच्या सव्वापट आणि वर एक लाख डॉलर, एवढा पगार परत घेता यायचा. वेस्टब्रुकचे ४.७ कोटी होते म्हणून रसेलचे ३.१ आणि बीझलीचे दीड कोटी घेता आले. करार संपला असता तर त्यांना आणायला हातात काहीच नसतं. म्हणून मी म्हणते की तो पगार फक्त ओझं नव्हता.

मामा: मग उन्हाळ्यात एवढी घाई कशाला करत होतीस?

मी: कारण २०२२–२३ची सुरुवात दोन विजय आणि दहा पराभव अशी झाली. निम्मा मोसम वाया गेला. सौद्यानंतर तोच संघ कुठे गेला बघ. ४३ विजय, सातवं स्थान, मेम्फिसला हरवलं, गोल्डन स्टेटला हरवलं, वेस्टच्या अंतिम फेरीत पोचले. ऑक्टोबरपासून हाच संघ असता तर?

मामा: तर तिथेही डेन्व्हरच भेटलं असतं. चार-शून्य. आणि डेन्व्हरकडून कोण खेळत होतं? कॉल्डवेल-पोप. वेस्टब्रुकसाठी दिलेला कॉल्डवेल-पोप. त्या वर्षी विजेता झाला तो.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. फेब्रुवारी २०२३चा सौदा चांगला होता असं माझं ठाम मत आहे. पण त्यानं ऑगस्ट २०२१चं नुकसान भरून निघालं नाही. एखादा करार कुशलतेनं दुसऱ्याच्या गळ्यात घातला की व्यवस्थापनाचं कौतुक होतं, लेकर्सचा कारभार पाहणाऱ्या रॉब पेलिंकांचंही झालं. तो करार आधी घेतला कुणी, हा प्रश्न त्या कौतुकात बुडतो.

मी: वेस्टब्रुकचं पुढे काय झालं, त्यावरून तरी मान्य कर की सौद्यानं त्याचंही बरंच झालं.

मामा: ते मी कधी नाकारलं? जॅझनं त्याला बायआउट देऊन मोकळं केलं, तो त्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला. प्लेऑफमध्ये फिनिक्सविरुद्ध पहिल्या सामन्यात त्याचे नेम एकामागून एक चुकत होते. आणि शेवटच्या क्षणी डेव्हिन बुकरचा शॉट त्यानंच अडवला, पडता पडता चेंडू बुकरच्याच अंगावर टाकून बाहेर घालवला. सामना जिंकला. चौथ्या सामन्यात ३७ गुण. पगार किती होता तेव्हा? किमान. किमान पगारावर आल्याबरोबर तोच माणूस सगळ्यांना जिद्दी वाटायला लागला. चुका तेव्हाही तेवढ्याच करायचा.

मी: कारण अपेक्षा पगाराप्रमाणे असतात.

मामा: असू देत. पण जॉन वॉलचं काय? ह्यूस्टननं २०२१–२२मध्ये त्याला पूर्ण मोसम बसवून ठेवला. दुखापत नव्हती. तरुण पोरांना खेळवायचं होतं आणि ४.४ कोटींचा माणूस घ्यायला कुणी तयार नव्हतं. दोघांच्या संमतीनं झालं म्हणतात. टाच, मग अ‍ॅकिलिस, मधल्या काळात आई गेली. पुढे त्यानं स्वतःच लिहिलं की मनानं तो किती खोल गेला होता. पैसे चोख मिळत होते. मला हे समजतं. मला रेल्वे खेळण्याचे पैसे देत नव्हती, नोकरीचे देत होती. गुडघा गेला तेव्हा खेळ संपला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जायला जागा होती. तिथे माझं नाव होतं, काम होतं. यांना पैसा आमच्या हजारपट, पण खेळ उतरला की जायला जागाच नाही. पगारच तेवढा हातात राहतो, आणि त्यावरूनच लोक टोचतात.

मी: पण तो पगार सुरक्षित आहे, हे विसरू नकोस. अमेरिकन फुटबॉलमध्ये करारातला बराचसा पैसा हमीचा नसतो, खेळ उतरला की खेळाडूला सोडून मोकळे. बास्केटबॉलपटूंच्या संघटनेनं हमी लढून टिकवली. म्हणून तर क्लबांना सौदे करावे लागतात. नाहीतर वेस्टब्रुकला लेकर्सनी २०२२च्या जूनमध्येच घरी पाठवलं असतं.

मामा: हेच मी म्हणतोय. हमी आहे म्हणून किंमत सही करणाऱ्याच्या अंगावर येते. आणि ती आली की हे मालक नियम बदलून घेतात. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन ह्यूस्टनला सहा वर्षांचे १० कोटी दिले, गुडघ्यानं त्याचा घात केला. मग २००५मध्ये एका खेळाडूपुरती करमाफीची सवलत काढली, तिला नावच ह्यूस्टनचं पडलं. २०११मध्ये पुन्हा एक माफी. चूक त्यांची आणि माफीही त्यांनाच.

मी: आता उलटं चाललंय. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३च्या नव्या करारानं पगारमर्यादेच्या वर दुसरी हद्द आखली. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन पगार एकत्र करून सौदा करता येत नाही, पाठवल्याहून जास्त पगार घेता येत नाही, रोकड देता येत नाही. लेकर्सनी २०२३मध्ये केलं तसं सुटणं आता फार अवघड. ब्रॅडली बीलचंच बघ ना.

मामा: बीलचं तूच सांग, तुझ्या हिशेबातलं आहे ते.

मी: वॉशिंग्टननं २०२२मध्ये त्याला पाच वर्षांचे २५ कोटी दिले आणि वर लिहून दिलं की त्याच्या संमतीशिवाय त्याचा सौदा होणार नाही. वर्षभरात त्याला फिनिक्सनं घेतलं, ख्रिस पॉलला देऊन.

मामा: पुन्हा ख्रिस पॉल!

मी: हो. फिनिक्स नव्या हद्दीच्या वर, बील संमती देईना, आणि घेणाराही कुणी नाही. शेवटी जुलै २०२५मध्ये बायआउट. बीलनं १.३९ कोटी सोडले, उरलेली रक्कम पाच वर्षांवर ताणली. २०२९–३०पर्यंत दर वर्षी सुमारे १.९४ कोटी फिनिक्सच्या मर्यादेत बसणार, बील क्लिपर्सकडे गेल्यावरही. बीलच्या जागी तू असतास तर संमती दिली असतीस का?

मामा: नाही. पोरं शाळेत, घर बांधलेलं, हक्क कागदावर लिहिलेला. मी का सोडू? पण फिनिक्समध्ये मी असतो तर मीही त्याला असंच सोडलं असतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मला वाईट वाटतं ते तिसऱ्याचं. २०२९मध्ये त्या १.९४ कोटींत दोन चांगले राखीव खेळाडू बसले असते. ते आज कुठेतरी शाळेच्या संघात असतील. त्यांच्या वाट्याची जागा आत्ताच खर्च झाली आणि त्यांना ते कधी कळणारही नाही.

मी: त्यांना दुसरा संघ घेईल, मामा. तीस संघ आहेत.

मामा: घेईलही. पण मग तुझ्या ताळेबंदात हा खर्च कुणाच्या नावावर पडतो ते मला दाखव.

मी: फिनिक्सच्या.

मामा: ज्यांनी सही केली त्यांच्या नावावर का नाही? ते तर तोवर तिथे नसतीलही.